खजुराची काकवी, पेस्ट आणि खारीक पूड: घरच्या घरी फळाचा गोडवा

शहादा तालुक्यात माझ्या मामांचं गुऱ्हाळ होतं. थंडीच्या दिवसांत आम्ही भावंडं तिकडे गेलो की काहिलीपासून हलायचो नाही. गुळव्या आधी मळी काढायचा, मग फेसाचा रंग बघायचा, मग झाऱ्यावरून थेंब कसा सुटतो ते बघायचा. घड्याळाकडे त्याची नजर कधी जायची नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी जळगावच्या माझ्या स्वयंपाकघरात खजुराचा रस आटवायला घेतला, तेव्हा मी मात्र घड्याळ लावलं. कुठेतरी वाचलेली 'तीस मिनिटं' पूर्ण होईपर्यंत कढई गॅसवर ठेवली आणि अर्धा किलो खजूर करपवला. दुसऱ्या वेळी गुळव्याला आठवून, थेंब बघत काम केलं. त्या खेपेला मायने बोटावर थेंब घेतला, चाटला आणि म्हणाली, "हाई ते काकवीच शे!" तेव्हापासून आमच्या घरी तिला खजुराची काकवी असंच म्हणतात.

एक गोंधळ आधीच दूर करते. बाजारात 'खजूर गूळ' म्हणून मिळतो तो खजुराच्या फळाचा नसतो. बंगालकडे शिंदीच्या झाडाला थंडीत खाच पाडून जो रस काढतात, तो आटवून तो गूळ होतो. आपल्याकडे नाल्याकाठी ज्या शिंदीच्या पानांचे झाडू बनतात तीच ही जात. तिच्या फळात बी मोठी, गर जेमतेम आणि चवीला तुरट, त्यामुळे ते या कामाचं नाही. या लेखातलं सगळं बाजारात मिळणाऱ्या खाण्याच्या खजुराबद्दल आहे.

जळगावात राहून खजूर का, केळी का नाही, हा प्रश्न मला हमखास येतो. यावल-रावेरची केळी घरात घडाने येत असताना तो पडणं साहजिकच आहे. पण पिकलेल्या केळ्याच्या शंभर ग्रॅम गरात साखर साधारण बाराच ग्रॅम असते, बाकी बहुतेक पाणी. खजुरात तीच साखर साठ-पासष्ट ग्रॅम असते, कारण झाडावर असतानाच उन्हाने त्याचं पाणी काढून घेतलेलं असतं. केळ्याचा पाक करायचा तर गॅस जाळून ते पाणी आपण उडवायचं, आणि हाती येतो काळपट, चिकट गोळा. जास्त पिकलेली केळी शिऱ्यात नाहीतर गुलगुल्यात कुस्करून घालावीत, तिथे ती उत्तम लागतात.

तीन रूपं, तीन कामं

खजुरापासून घरी तीन गोष्टी होतात. पेस्ट म्हणजे भिजवून वाटलेला अख्खा गर. काकवी म्हणजे रस गाळून आटवलेला पाक. आणि खारकेची पूड म्हणजे कोरडी, साखरेसारखी भुरभुरती.

लोकांना सगळ्यात आधी काकवीच करायची असते, कारण ती बाटलीत छान दिसते आणि दुकानात महाग मिळते. रोजच्या वापरासाठी मात्र मी पेस्टच करा म्हणते. पेस्टमध्ये फळ अख्खं राहतं, चोथ्यासकट. ती वीस मिनिटांच्या कामात होते आणि गॅस जवळजवळ लागत नाही. काकवीला दोन दिवस जातात, चोथा फडक्यात राहतो आणि हाती उरतो तो चवदार असला तरी साखरेचाच पाक. तिची जागा कुठे? जिथे विरघळणारा, ओतता येणारा गोडवा लागतो तिथे: सरबत, कोरा चहा, बाजरीची भाकरी दुधात कुस्करून वरून सोडायची धार. एवढ्यासाठी वर्षातून दोन-तीनदा केली तरी पुरते.

खजूर कोणता घ्यायचा

पेस्टला मऊ खजूर हवा. किमिया नावाने डब्यात मिळणारा काळा इराणी खजूर, म्हणजे मझाफती जात, पेस्टला सर्वांत सोपा. साल पातळ, गर लोण्यासारखा. तो फ्रिजमध्येच ठेवावा लागतो, म्हणून दुकानदार डबा बाहेर उन्हात मांडून बसला असेल तर तिथून घेऊ नका. काकवीला मात्र इराकचा झाहिदी बरा: पिवळसर तपकिरी, थोडा कोरडा, स्वस्त. किमियात पाणी जास्त असल्यामुळे त्याच वजनात काकवी कमी निघते. मेडजूल दोन्हींना चालतो, पण तो तसाच खावा. एवढं महाग फळ आटवण्यात अर्थ नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर कच्छकडून ताजी पिवळी-लाल खारीक येते, दांड्यांसकट. ती खायला मस्त, पण या कामाला कच्ची. तिचा तुरटपणा पाकातही जात नाही.

रमजानच्या महिन्यात जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या बाजारात खजुराच्या गाड्या लागतात तेव्हा जाती खूप बघायला मिळतात. मी त्या महिन्यात चाखून जात ठरवते आणि ईद झाल्यावर उरलेल्या मालाचा भाव पाडून घेते. फक्त तेव्हा डब्यावरची तारीख नीट बघायची.

पाकिटबंद, बिया काढून दाबलेला खजूर घेणार असाल तर घटकांची यादी वाचा. काहींवर चकाकी यावी म्हणून ग्लुकोज सिरप किंवा तेल लावलेलं असतं. साखर टाळायला निघालेल्या माणसाने सिरप लावलेलं फळ विकत घ्यायचं, ही स्वतःचीच फसवणूक झाली. यादीत फक्त 'खजूर' असेल तेच पाकीट घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक खजूर उभा फोडून आतून बघायचा. प्रत्येक. यात सूट नाही. आत बारीक किडा, जाळी किंवा काळी भुकटी दिसली की तो खजूर अख्खा टाकायचा. ती काळी भुकटी ही बुरशी असते, धुऊन जात नाही. सालीवर किंवा गरात पांढरे कण दिसले तर घाबरू नका. बोटात चोळा: खरखरीत लागले आणि गरम पाण्यात विरघळले तर ती साखरच बाहेर येऊन बसलेली आहे. लोकरीसारखं मऊ, केसाळ दिसलं तर मात्र बुरशी.

पेस्ट

पाव किलो बिया काढलेला खजूर घ्या. दोनदा भरभर पाण्यातून काढा. धुताना भिजत ठेवलात तर गोडवा पाण्याबरोबर मोरीत जातो. मग पातेल्यात घालून वरून उकळतं पाणी ओता: किमिया असेल तर अर्धी वाटी, म्हणजे साधारण ७५ मिली, आणि झाहिदी असेल तर १२५ मिली. झाकण ठेवून अर्धा तास. झाहिदी फार कोरडा वाटला तर एक तास ठेवा, किंवा याच पाण्यात मंद आचेवर पाच मिनिटं वाफवा.

भिजवलेलं पाणी फेकायचं नाही, त्यातच वाटायचं. मिक्सरच्या लहान भांड्यात घ्या, थांबत थांबत फिरवा, कडेचं खाली ढकलत राहा. गर चिकट असल्याने भांडं लवकर तापतं. मोटरीचा आवाज जड झाला की पाच मिनिटं विश्रांती द्या. पाणी वाढवण्याचा मोह इथेच होतो. तो आवरा, कारण पाणी वाढलं की पेस्ट लवकर आंबते. अगदीच फिरेना तर एक-एक चमचा गरम पाणी.

किमियाची पेस्ट इथेच तयार झाली. झाहिदीच्या सालीचे तुकडे राहतात आणि ते खिरीत जिभेला लागतात. त्यासाठी आपल्या प्रत्येक घरात असलेलं पुरणयंत्र काढा. पुरणाच्या बारीक जाळीतून पेस्ट एकदा फिरवली की साली वर राहतात आणि खाली रेशमासारखा गर उतरतो. या कामासाठी वेगळं यंत्र घेण्याची गरज नाही.

पाव किलो झाहिदीची साधारण साडेतीनशे ग्रॅम पेस्ट होते. चिमूटभर मीठ घातलं तर गोडवा उठून येतो. वेलची, सुंठ आत्ता घालू नका, ज्या पदार्थात वापराल त्यात घाला. नाहीतर चिंचेच्या चटणीतही वेलचीच लागेल.

काकवी

एका खेपेला बिया काढलेला अर्धा किलो झाहिदी आणि एक लिटर पाणी. पाणी गाळण यंत्राचं किंवा पिण्याच्या गोड्या विहिरीचं घ्या. आपल्याकडे अनेक ठिकाणी बोअरचं पाणी जड असतं. सव्वा लिटर रसाचा साडेतीनशे-चारशे ग्रॅम पाक होताना पाणी उडून जातं पण त्यातले क्षार मागे राहतात, आणि चमचाभर काकवीत मचूळपणा जाणवतो. मी एकदा बोअरच्या पाण्यात केली होती, फरक लगेच कळला.

भांडं जाड बुडाचं स्टीलचं, पसरट. कल्हई केलेलं पितळी पातेलं असेल तर उत्तम. लोखंडी कढई नको: खजुरातला तुरट अंश लोखंडाशी मिळून रस काळा करतो आणि धातूची चव येते. कल्हई उडालेलं पितळ तर अजिबात नको.

पहिला दिवस भिजवण्याचा आणि गाळण्याचा. खजूर पाण्यात घालून गॅसवर ठेवा. कडेला बुडबुडे धरायला लागले की आच मंद करा आणि अर्धा तास तसंच राहू द्या, खळखळ उकळू नका. मध्ये मध्ये रवीने किंवा पळीच्या पाठीने दाबत राहा. गर सुटतो, पाणी चहासारखं होतं.

हाताला सोसेल इतकं निवलं की हाताने कुस्करा. मिक्सरमधून काढण्याची घाई करू नका, या एका चुकीने काकवी बिघडते. वाटलेला गर इतका बारीक होतो की फडक्याची छिद्रं बुजतात, रस गळत नाही, आणि जो गळतो तो गढूळ असतो. आटवताना हा गढूळ गर बुडाला धरतो आणि करपतो. हाताने कुस्करलेला चोथा जाड राहतो आणि रस स्वच्छ सुटतो.

जुनं, धुऊन मऊ झालेलं सुती धोतर किंवा पंचा घ्या. साबणाचा वास नसावा, म्हणून आधी उकळत्या पाण्यातून काढा. चक्क्यासारखं बांधून तासभर टांगा. आधी आपोआप गळेल ते गळू द्या, मग पिळा. राहिलेल्या चोथ्यावर तीनशे मिली गरम पाणी घालून पुन्हा कुस्करा, पुन्हा पिळा. या दुसऱ्या पाण्यातही चांगलाच गोडवा निघतो, तो सोडू नका.

दोन्ही रस एकत्र करून झाकून रात्रभर फ्रिजमध्ये. गुऱ्हाळात उसाच्या रसाची मळी वर यावी म्हणून भेंडीचं चिकट पाणी घालतात. खजुराला ते लागत नाही. सकाळी तळाशी बोटभर गाळ बसलेला दिसतो. भांडं न हलवता वरचा रस अलगद ओतून घ्या. गाळ थालीपिठात घाला.

दुसरा दिवस आटवण्याचा. त्याआधी एक काम, जे मला या सगळ्यात सर्वांत उपयोगी वाटतं: वजनकाट्यावर लाकडी पाट ठेवा, त्यावर रिकामी कढई ठेवा आणि आकडा लिहून ठेवा. काटा पाच-दहा किलोचा असावा. शेवटी गरम कढई त्याच पाटावर ठेवून वजन करायचं, म्हणजे काट्यालाही धग लागत नाही.

रस मोठ्या आचेवर चढवा. उकळी फुटली की वर राखाडी-तपकिरी फेस येतो, ही मळी. झाऱ्याने काढत राहा, पहिल्या पंधरा मिनिटांत बहुतेक निघते. पुढे अर्धा तास मध्यम आच आणि अधूनमधून ढवळणं, एवढंच काम. याच वेळात तुम्ही बरणी उकळून घेऊ शकता.

रस निम्म्याहून कमी झाला की शेगडीजवळून हलायचं नाही. आता बुडबुडे बदलतात. आधी मोठे, पटकन फुटणारे असतात, मग लहान, जाडसर, एकावर एक चढणारे. रंग चहावरून जांभळट काळ्याकडे जातो. आच अगदी मंद करा आणि पळी बुडाला घासून फिरवत राहा. ही साखर बहुतेक ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असते, ती उसाच्या साखरेपेक्षा लवकर काळी पडते. करपल्याचा वास एकदा लागला की तो कशानेही जात नाही, वेलचीनेही नाही.

तारेची वाट बघू नका. लाडवाचा पाक करणाऱ्या बायका इथेच फसतात. एकतारी पाक उसाच्या साखरेचा धरतो. खजुराच्या साखरेची तशी तार लवकर येत नाही, आणि ती येईपर्यंत थांबलात तर निवल्यावर बरणीतून चमचा निघणार नाही. याऐवजी स्टीलची ताटली आधीच फ्रीझरमध्ये ठेवा. थेंब टाका, अर्धा मिनिट थांबा, बोटाने मधून रेघ ओढा. रेघ दोन-तीन सेकंद उघडी राहून हळूहळू मिटली की झालं. लगेच मिटली तर अजून आटवा. मिटलीच नाही तर आटणं पुढे गेलंय, दोन चमचे उकळतं पाणी घाला.

आणि रिकाम्या कढईचा लिहून ठेवलेला आकडा वजा करून वजन बघा. अर्धा किलो झाहिदीतून साडेतीनशे ते चारशे ग्रॅम काकवी निघाली की ती योग्य दाट असते, साधारण सत्तर टक्के गोडवा, बाकी पाणी. पाचशे ग्रॅमच्या वर वजन दाखवत असेल तर ती पातळ आहे आणि टिकणार नाही, कितीही दाट दिसली तरी. गरम काकवी नेहमी अंदाजापेक्षा पातळ दिसते, गरम तेलापेक्षा थोडी जड असताना उतरवली की निवल्यावर मधासारखी होते. माझ्या शेगडीवर या सगळ्याला पन्नास मिनिटं ते एक तास लागतो. तुमच्या कढईची रुंदी वेगळी, तुमचा वेळ वेगळा.

उतरवायच्या पाच मिनिटं आधी अर्ध्या लिंबाचा रस घाला. गोडव्याला धार येते आणि आंबटपणामुळे टिकायला मदत होते. दुधाच्या पदार्थांसाठी करत असाल तर लिंबू वगळा.

चोथा टाकायचा नाही, खजुरातले तंतू बहुतेक त्यातच आहेत. कढईत कोरडा परता, भाजलेले शेंगदाणे आणि तीळ घालून कुटा, लाडू वळा. गोडवा कमी वाटला तर चमचाभर पेस्ट. बियांचं मात्र काही करायला जाऊ नका. भाजून कॉफीसारखी पूड करतात हे खरं, पण ती बी इतकी कठीण असते की घरच्या मिक्सरचं पातं जातं.

बहारीनच्या किल्ल्यात, जो २००५ पासून जागतिक वारसा स्थळ आहे, जुन्या काळातल्या अशा खोल्या आहेत की ज्यांच्या जमिनीत समांतर चर कोरलेले आहेत. त्या चरांवर खजुराची पोती थरावर थर रचत. वरच्या पोत्यांच्या भाराने आणि तिथल्या उष्म्याने खालच्यांतून पाक गळायचा आणि चरांतून वाहत पुरलेल्या रांजणात जमायचा. ना पाणी, ना जाळ. त्या पाकाला अरबीत दिब्स म्हणतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा मला त्या खोल्या आठवतात. पण अर्ध्या किलोला तेवढा भार येत नाही, म्हणून आपल्याला जाळ लावावा लागतो.

टिकवणं

काचेची बरणी आणि झाकण दहा मिनिटं उकळा, मग उन्हात किंवा ओव्हनमध्ये पूर्ण कोरडी करा. फडक्याने पुसू नका. काकवी गरम असतानाच भरा, निवल्यावर झाकण घट्ट करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. दोन-तीन महिने मजेत टिकते. बाहेर टिकते असं सांगणारे भेटतील. थंड हवेत कदाचित टिकतही असेल, खान्देशच्या उन्हाळ्यात हा प्रयोग नको.

पेस्ट फ्रिजमध्ये दहा-बारा दिवस. त्याहून जास्त केली असेल तर बर्फाच्या साच्यात भरून गोठवा आणि खडे पिशवीत काढून ठेवा, तीन महिने चालतात. एक खडा साधारण दोन चमचे, त्यामुळे मोजणंही सोपं.

दोन्हींना ओला चमचा लागू देऊ नका. झाकण उघडताना फुस्स आवाज आला, बारीक बुडबुडे दिसले, आंबूस किंवा दारूसारखा वास आला तर ती आंबली आहे. वर बुरशीचा ठिपका दिसला तर वरचं काढून खालचं वापरू नका, पूर्ण बरणी टाका. वाईट वाटतं, पण टाका.

साखरेच्या जागी किती

शंभर ग्रॅम साखरेच्या जागी काकवी घालायची तर साधारण १४० ग्रॅम, आणि पदार्थातलं पाणी किंवा दूध तीन चमचे कमी करायचं. पेस्ट घालायची तर हिशोबाने सव्वादोनशे ग्रॅम येते, पण मी दीडशेवर थांबते. पेस्टला स्वतःची चव आहे, तेवढी कमी गोडी खटकत नाही. केक भाजताना ओव्हनचं तापमान दहा-पंधरा अंशांनी उतरवा, वरून लवकर लाल होतो.

खीर, बासुंदी, आटवलेलं दूध यांत पेस्ट घालताना गुळाचा नियम पाळा: गॅस बंद, दूध कोमट, मग पेस्ट. उकळत्या दुधात घातली तर फाटण्याची भीती असते.

पुरणात चालते का? घरच्या साध्या पुरणपोळीत निम्मा गूळ, निम्मी पेस्ट चालते, फक्त पुरण जास्त वेळ परतून कोरडं करावं लागतं. खापरावरच्या मांड्यांना मात्र नको. मांडा हातावर पसरताना पुरणाचा ओलावा थोडा जरी जास्त असला तरी पारी फाटते, आणि खजुराचं पुरण ओल धरतंच. ज्या बाईच्या हाताने मांडा कोपरापर्यंत जातो तिला गुळाचंच पुरण द्या. आमच्या खान्देशातल्या कानबाई देवीच्या रोटातही मी बदल करत नाही, तो नेमाचा पदार्थ आहे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आमरसाला तर आंबा चांगला असेल तर काहीच लागत नाही.

चिंचेच्या आंबटगोड चटणीत पेस्ट सर्वांत शोभते. पाव वाटी चिंचेच्या कोळाला अर्धी वाटी पेस्ट, भाजलेल्या जिऱ्याची पूड, लाल तिखट, काळं मीठ. ही चटणी एकदा उकळून घ्या म्हणजे टिकते.

मधुमेह असलेल्यांसाठी, स्पष्ट

माझ्या वडिलांना मधुमेह आहे. पहिली काकवी झाली तेव्हा 'ही साखर नव्हे, फळ आहे' असं मीच त्यांना आनंदाने सांगितलं. ते दोन वेळा चहात दोन-दोन चमचे घेऊ लागले. पुढच्या तपासणीत रक्तातली साखर वाढलेली निघाली आणि डॉक्टरांनी काय बदललं असं विचारलं तेव्हा मला कळलं की बदल मी केला होता. ते अजून मनाला लागून आहे, म्हणून हे लिहिणं मला सगळ्यात गरजेचं वाटतं.

काकवीच्या एका लहान चमच्यात, सुमारे सात ग्रॅममध्ये, पाच ग्रॅम साखर असते. म्हणजे चमच्याला चमचा हिशोब साखरेइतकाच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात मध, पाक आणि फळांचा रस यांतली साखरही मर्यादा पाळायच्या साखरेतच धरली आहे: दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांखाली, जमल्यास पाच टक्क्यांखाली. पाच टक्के म्हणजे मोठ्या माणसाला साधारण पंचवीस ग्रॅम. काकवी या हिशोबात येते.

लोहाबद्दलही खूप बोललं जातं. शंभर ग्रॅम खजुरात लोह साधारण एक मिलिग्रॅम असतं. चहातल्या चमच्याने रक्त वाढत नाही. खजुरात पोटॅशियम आणि तंतू मात्र खरोखर चांगले आहेत. तंतूंसाठी अख्खा खजूर किंवा पेस्ट खा. किडनीचा आजार असेल आणि पोटॅशियम कमी ठेवायला सांगितलं असेल तर तेही डॉक्टरांना विचारूनच. मधुमेहात किती खजूर चालेल हे तुमच्या औषधांवर अवलंबून आहे, माझ्या किंवा कुणाच्या लेखावर नाही.

खारकेची पूड

हे काम मी मे महिन्यासाठी राखून ठेवते, कारण गच्चीवर तेव्हा बिबडे, पापड, कुरडया वाळत असतातच, त्यांच्या शेजारी खारकेला एक जुनं लुगडं अंथरायचं. खारीक म्हणजे पूर्ण पिकण्याआधी उतरवून, उकडून वाळवलेला खजूर. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवातून ती आपल्या ओळखीची आहे, साखरेची जागा घेते हे फारसं कुणी करून बघत नाही.

बेताची कडक, बिनकिडीची खारीक घ्या. ओल्या फडक्याने पुसा, धुऊ नका. अडकित्त्याने फोडून बी काढा, तुकडे जेवढे लहान तेवढं बरं. दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा, रात्री घरात घ्या. तुकडा दोन बोटांत वाकवला तर न वाकता कट्कन मोडायला हवा. वाकला तर मिक्सरमध्ये पुडीऐवजी गोळा होईल. ऊन खाऊन आलेले तुकडे निवू द्या, मग थोडे थोडे मिक्सरमध्ये फिरवा आणि रव्याच्या चाळणीने चाळा. वर राहिलेलं भरड पुन्हा उन्हात, पुन्हा मिक्सरमध्ये.

ही पूड चहात विरघळत नाही, तळाशी बसते, त्यामुळे तिथे वापरायला जाऊ नका. लाडू, शंकरपाळी, नाचणी किंवा ज्वारीच्या पिठाची खीर, दुधात भिजवलेली लापशी यांत ती छान मिसळते. साखरेच्या सव्वा ते दीडपट घ्या.

पूड हवेतली ओल ओढून घेते. पहिला पाऊस पडायच्या आत लहान लहान बरण्यांत भरा, तळाशी सुती पुरचुंडीत चमचाभर भाजलेले तांदूळ ठेवा, आणि वापरायची एकच बरणी बाहेर ठेवून बाकीच्या फ्रिजमध्ये. जुलैत खडे झालेच तर तव्यावर मंद आचेवर दोन मिनिटं शेकून, निववून, पुन्हा मिक्सरमधून एकदा फिरवा.